अंदाजे

सोहारमध्ये मला नावानं कुणी हाक मारत नाही.
गल्लीतली पोरं ओरडतात, "अद्दाद आला, अद्दाद!"
अद्दाद म्हणजे मीटर.
एकोणीस वर्षं मी तेच आहे:
डोक्यावर टोपी, हातात टॉर्च, खिशात काच पुसायचं फडकं
आणि वहीत लोकांच्या उकाड्याचा हिशेब.

कितीतरी मीटर कुलपाआड,
शेळ्यांच्या वाड्यामागे,
वाळू बसून काच आंधळी झालेली.
बेल वाजवून कुणी आलं नाही
की मी रकान्यात लिहायचो, "अंदाजे".
आता सांगायला हरकत नाही:
जूनमध्ये, पायाखालचं डांबर मऊ झालेलं असताना
काही दारांची बेल मी वाजवलीच नाही.

उम्म राशिद त्या शब्दावरून माझ्याशी भांडली होती.
दोन महिने लेकीकडे सलालाला, घर बंद,
तरी बिल त्रेचाळीस रियाल.
"माझ्यामागे इथं गारव्यात कोण झोपलं? तू?"
मी फडकं घडी करत राहिलो.

मागल्या सोमवारी तिचा जुना मीटर मीच उतरवला.
आत एक पाल, वाळून कागद झालेली,
आणि तांबड्या खुणेची चकती
हातात घेतल्यावरही थोडी फिरली, सवयीनं.
नव्यात चकती नाही. घरघर नाही.
एक हिरवा ठिपका पापणी मिटतो, उघडतो
आणि दर पंधरा मिनिटांनी
दूर कुठंतरी जाऊन खरं सांगून येतो.

आज पुन्हा गेलो, तपासणीला.
तिचा नातू हुमैद फोनवर रेघ दाखवत होता:
"ही दुपारची चढण, एसीची.
हे इस्त्रीचं टोक. कपडे रात्री धू आजी, तेव्हा वीज स्वस्त."
"रात्री कपडे धुवायचे? जिन्न हसतील."
"हसू देत. पैसे तुझे वाचतील."
मग त्याचं बोट थांबलं.
"आणि हे काय?"
दर काही तासांनी उठणारं एक बुटकं टेकाड,
रात्री दोनलाही, पहाटे पाचलाही,
सगळं घर झोपलेलं असताना.

आम्ही तिघांनी घर धुंडाळलं.
मागच्या न्हाणीत, बादल्यांच्या उतरंडीवर
गीझरचा लाल दिवा.
तिचा नवरा फजरच्या वजूसाठी तो लावून ठेवायचा.
त्याला जाऊन चार वर्षं झाली.
चार वर्षं पाणी तापत होतं,
निवत होतं, पुन्हा तापत होतं,
आणि बिलात ते बाकी सगळ्यात मिसळून गेलं होतं.
हुमैदनं बटणाकडे हात नेला.
"थांब," ती म्हणाली.
नळ सोडला, पावलांवर ऊन पाणी घेतलं,
मग ओल्या पायांनीच बाजूला झाली.
"कर आता."

परवा धुळीच्या वादळात किनाऱ्याकडची तार तुटली.
पूर्वी अशा रात्री आम्ही खांबामागून खांब
टॉर्च वर करून हिंडायचो
आणि लोक गच्चीवर गाद्या टाकून आमच्या नावानं बोटं मोडायचे.
परवा तारेनंच सांगितलं, मी इथं तुटले.
वीज दुसऱ्या वाटेनं फिरून आली.
छताचे पंखे पुरते थांबलेही नव्हते.

पुढल्या महिन्यापासून फेऱ्या बंद.
ऑफिसात एक खुर्ची दिलीय,
एखादा मीटर बोलेनासा झाला
तरच उठायचं, त्या एकाच दारी जायचं.
वही जमा केली.
फडकं कुणी मागितलं नाही.

रात्री दाभोळहून झुबेदाचा फोन.
"या वर्षी कधी येताय?"
एकोणीस वर्षं मी एकच शब्द लावून महिना सांगत आलोय.
तो ओठांवर आला.
"ऐकू येतंय ना?" ती म्हणाली.
"धर जरा," म्हटलं,
आणि चष्मा शोधत
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलो.